रविवारची सहल : युद्धस्मारक आणि रणगाडे

सचिव : सर्व सभासदांस नमस्कार. येत्या रविवारी सकाळी घोरपडीचे राष्ट्रीय युद्धस्मारक आणि तेथून थेट नगरचे रणगाडा संग्रहालय असा बेत आहे. हे स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले असून १५ ऑगस्ट १९९८ रोजी त्याचे लोकार्पण झाले. तेथील मिग-२३ विमान मुलांना अगदी जवळून पाहता येईल.

बी-४०२ : वाटेवर रांजणगावचा महागणपती आहे, शिवाय नगरचा भुईकोट किल्ला आहे, जेथे १९४२ पासून नेहरूंना कैदेत ठेवले होते. एवढ्या लांब जायचेच, तर सगळे एका दिवसात उरकावे.

डी-१०३ : ‘उरकावे’ या शब्दालाच माझी हरकत आहे. चिलखती दलात बावीस वर्षे काढली, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात पन्नासच्या आसपास गाड्या आहेत. रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून आपल्या विजयंता रणगाड्यापर्यंत नुसते चालत गेले तरी दोन तास सहज जातात. पाकिस्तानचा पॅटन रणगाडा मात्र थांबूनच पाहावा. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडले आणि ज्याची एवढी धास्ती होती तो हा अवजड रणगाडा उभ्या उसात रुतून बसला. पाणी भरलेल्या फडात ट्रॅक्टरची काय गत होते हे ज्यांनी गावाकडे पाहिले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. सेंच्युरियनपाशी मुलांना हेही सांगा, की पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत अशाच रणगाड्यात होते. रणगाडा पेटल्यावर तो सोडण्याचा हुकूम आला, तेव्हा तोफ अजून चालते आहे असे कळवून ते आतच राहिले. वय २१. बाहेर पडायचे तोंड किती अरुंद असते ते एकदा निरखून पाहा.

बी-४०२ : काका, हरकत मान्य. किल्ला वगळू, रांजणगाव परतताना वेळ उरला तरच.

सचिव : ठरले. बस साडेसहाला फाटकापाशी येईल. दोन्ही ठिकाणे लष्कराशी संबंधित असल्याने मोठ्यांनी ओळखपत्र बरोबर ठेवावे.

सी-२०१ : आमच्या धाकट्याला रणगाड्यावर चढून फोटो काढायचा आहे. चालेल का?

डी-१०३ : ताई, चढवू नका; उन्हात पोलाद असे तापते की हात भाजतो. पट्ट्याशेजारी उभा करा, तेवढी तरी उंची भरते का ते बघू.