फ्यूजनचा बँड येतो, कापल्यावर पेप्टाइड गायब

जुळे_सोलापूर: एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचा प्रोजेक्ट आहे. डाळिंबाच्या तेल्यावर (बॅक्टेरियामुळे होणारा रोग) चालतंय का बघायला सेक्रोपिन ए हे बॅक्टेरिया मारणारं पेप्टाइड, म्हणजे छोटं प्रोटीन, घेतलंय, ३७ अमिनो आम्लांचं. पीईटी-३२ए प्लाझ्मिडमध्ये (जनुक वाहून नेणारी डीएनएची कडी) त्याचं जनुक थायोरेडॉक्सिन या मोठ्या प्रोटीनच्या जनुकाला जोडून (हेच फ्यूजन) बीएल२१(डीई३) जातीच्या ई. कोलाय बॅक्टेरियात घातलं. आयपीटीजी (प्रोटीन बनवायला लावणारं रसायन) दिल्यावर जेलवर बँड झकास येतो, निकेल कॉलमवरून स्वच्छ निघतो. मग एंटेरोकायनेज एंझाइमने जोड कापला, मीठ वगैरे काढायला रात्रभर पिशवीत भरून डायलिसिसला लावलं. सकाळी १५ टक्के जेलवर थायोरेडॉक्सिन तेवढं. सर म्हणतात, बॅक्टेरियाने पचवलं. पटत नाही.

अक्कलकोट_रोड: बॅक्टेरियावर कशाला आळ घेताय? पेशी फोडून, कॉलम करून मग कापलंय ना? पचवायला तिथं आहे कोण? पेशीच्या आत तो धोका खराच, म्हणून तर थायोरेडॉक्सिनचं पांघरूण घालतात. पेप्टाइड प्रोटिएजपासून (प्रोटीन तोडणारे एंझाइम) वाचतं आणि ई. कोलायही त्याच्यापासून वाचतो.
डायलिसिसची पिशवी किती कट-ऑफची होती, म्हणजे किती वजनाखालचे रेणू बाहेर सोडणारी? बहुतेक लॅबमध्ये १२-१४ किलोडाल्टनचा रोल पडलेला असतो. सेक्रोपिन जेमतेम ४. बीकरमधल्या बफरबरोबर बेसिनमध्ये गेलं असणार.

जुळे_सोलापूर: रोलवर १२-१४ च लिहिलंय. मग आता?

अक्कलकोट_रोड: क्रम उलटा करा. अख्खं फ्यूजन त्याच पिशवीत राहतं, म्हणून इमिडाझोल (निकेलवरून प्रोटीन सोडवायला घातलेलं) आणि मीठ आधीच काढून घ्या. मग कापा आणि पुन्हा निकेलवरून सोडा. हिस-टॅगवालं (निकेलला चिकटणारी शेपटी असलेलं) थायोरेडॉक्सिन अडकेल, पेप्टाइड खाली उतरेल.
जेल मात्र ट्रायसिन बफरचं घ्या. साध्या ग्लायसिनच्या जेलवर एवढं लहान पेप्टाइड एसडीएसच्या (जेलमधला साबण) घोळक्यात डायच्या पुढ्यात पळतं, वर डीस्टेन करताना (जादा रंग काढताना) धुऊन जातं. ग्लुटाराल्डिहाइडने फिक्स केलं तर टिकतं.
तेल्याच्या झँथोमोनास बॅक्टेरियावर टेस्ट करताना अगारमध्ये भोक पाडून भरू नका. पेप्टाइडवर धन भार, अगारवर ऋण; तिथंच चिकटून बसतं आणि बॅक्टेरिया न वाढलेला झोन दिसत नाही. ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात) करा. आणखी एक, पतंगातल्या मूळ सेक्रोपिनच्या शेपटीला अमाइड असतं, ई. कोलाय ते लावत नाही. जोर थोडा कमी दिसला तर घाबरू नका.

सांगोला_बाग: निम्मं डोक्यावरून गेलं. पण एवढं सांगा, हे बॅक्टेरियाच थेट बागेत फवारले तर? स्ट्रेप्टोसायक्लिन आणि बोर्डोला पैसा घालून कंटाळलो ओ.

अक्कलकोट_रोड: दादा, जनुक बदललेले जिवंत जंतू असे बागेत सोडता येत नाहीत. १९८९ चे नियम आहेत, केंद्राची परवानगी लागते. आणि नुसतं पेप्टाइड फवारलं तरी पानावरचे एंझाइम त्याचे तुकडे करतात. खर्च विचारूच नका. तेल्याची फळं-फांद्या काढून जाळा, पावसाळ्यानंतरचा हस्त बहार धरा. ह्या पोरांचं काम अजून टेस्ट ट्यूबमधलं आहे.

सांगोला_बाग: हस्तच धरतो ओ. शेजारचा पावसाळ्यातला मृग धरतो, त्याला कोण सांगायचं?