गुन्हेकथांची मालिका संपल्यावर तुम्ही पुढे काय वाचता?

दांडिया बाजारची वाचक
माय श्योवाल आणि पेर वाल्यो या स्वीडिश जोडीची मार्टिन बेक मालिका नुकतीच वाचून संपली. दहाच पुस्तके लिहायची असे आधी ठरवून त्यांनी ती १९६५ ते १९७५ या काळात लिहिली आणि १९७५ मध्येच वाल्यो गेले, त्यामुळे अकराव्याची आशा नाही. आता दुसऱ्या कशात मन रमत नाही, तेव्हा शाळेतल्या मे महिन्याच्या सुट्ट्या आठवल्या. बडोद्यात मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणायचा, संपला की काळा पहाड आणायचा. त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिलेल्या असल्यामुळे पुढे काय वाचावे, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. आपण पुढचे पुस्तक कसे शोधता, ते कृपया लिहावे.

कारेलीबागेतून
कुकर लावून लिहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. आवडलेल्या लेखकाने स्वतः कोणाला वाचले, हे मी शोधते. या जोडीने एड मॅकबेनच्या कादंबऱ्या स्वीडिशमध्ये अनुवादित केल्या होत्या. एका काल्पनिक शहरातल्या पोलीस ठाण्याची त्याची मालिका १९५६ ते २००५ पर्यंत चालली आणि तिची पन्नासहून अधिक पुस्तके आहेत, म्हणजे ताई, तुमची बरीच वर्षे सोय झाली.

रावपुऱ्याचा रहिवासी
माझा अनुभव उलट आहे. एका पोलीस मालिकेवर लगेच दुसरी घेतली, की बिचाऱ्या दुसरीवर अन्याय होतो, कारण पहिल्या माणसांची सवय गेलेली नसते. मी गाव आणि काळ दोन्ही बदलतो. बेकनंतर मी ब्योमकेश बक्षी घेतला. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी तो १९३२ मध्ये सुरू केला, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत असताना कित्येक वर्षे बाजूला ठेवला आणि नंतर पुण्यात राहून कलकत्त्याच्या त्या गुप्तहेराच्या कथा पुन्हा लिहिल्या. १९७० मध्ये ते गेले तेव्हा शेवटची कथा अर्धी राहिली. गुन्हेगार कोण, हे कधीच कळणार नाही हे ठाऊक असूनही मी ती वाचली आणि अजूनही अधूनमधून तिचा शेवट जुळवत बसतो. त्यानंतर सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात वाचावा. मुलांसाठी लिहिलेला असला, तरी मोठ्यांनी लाजण्याचे कारण नाही.

वाडीतला भाचा
सेंट्रल लायब्ररीचे नाव निघाले म्हणून लिहितो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून राज्यात वाचनालये उभारली. सेंट्रल लायब्ररीत पोलादी मांडण्यांमधून खालपर्यंत उजेड पोहोचावा म्हणून मजल्यांना काचेची जमीन आहे. माझे मामा त्या काचेवर उभे राहून पुस्तकामागची तारखांची चिठ्ठी पाहत आणि शिक्के दाट असतील तेच पुस्तक घरी आणत. परीक्षणे वाचून निवडलेल्या पुस्तकांपेक्षा ही निवड क्वचितच वाया गेली.

कारेलीबागेतून
शिट्ट्या झाल्या, आता निवांत लिहिते. शेवटचे पुस्तक मुद्दाम राखून ठेवणारे कोणी आहे का? अगाथा ख्रिस्तीबाईंनी पोयरोची अखेरची कादंबरी महायुद्धाच्या काळात लिहून बंदोबस्तात ठेवली आणि ती १९७५ मध्ये प्रसिद्ध होऊ दिली. मीही ती तशीच ठेवली आहे.

रावपुऱ्याचा रहिवासी
तो त्यात मरतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

कारेलीबागेतून
काका, तीव्र निषेध!

रावपुऱ्याचा रहिवासी
त्या वेळी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर त्याचा मृत्युलेख छापला होता. पन्नास वर्षांपूर्वीच्या बातमीचा दोष माझ्यावर येऊ नये.

दांडिया बाजारची वाचक
सर्वांचे आभार. मला बेकच्या कोड्यांपेक्षा त्याच्या कचेरीतली कंटाळलेली, एकमेकांवर खेकसणारी माणसे अधिक हवीहवीशी वाटतात, हे लिहिताना उमगले, म्हणून आधी मॅकबेन पाहते. फेलूदा कोणाकडे आहे का?

रावपुऱ्याचा रहिवासी
संपूर्ण संच आहे, रविवारी येऊन न्यावा. मात्र एका वेळी दोनच पुस्तके मिळतील, कारण चुलतभावाकडे गेलेली अजून परत आलेली नाहीत.