सराफ्याचा ओटा नक्की कोणाचा?

राजवाड्यामागचा: पुण्याहून मावसभाऊ आला म्हणून परवा रात्री त्याला इंदूरच्या सराफ्यात खायला नेलं. आत शिरलो तर पहिलं काय, मोमोज. पुढे परत मोमोज, मग धूर सोडणारं पान, त्याच्यासमोर मोबाईल धरून उभी पोरं. भुट्ट्याचा कीस सापडेपर्यंत अर्धा सराफा संपला आणि गर्दी अशी की दोना तोंडापर्यंत न्यायला कोपर हलवायची सोय नाही. लहानपणी बाबा रात्री नऊनंतर न्यायचे, सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडलेली असायची आणि त्याच ओट्यांवर कढया चढायच्या. माझं स्पष्ट मत, कीस, तळलेला गराडू कंद, दहीबडा, खोपरा पॅटिस, जलेबा, शिकंजी एवढंच ठेवा, बाकी उठवा.

शिकंजीवाली ताई: भिया, जुनं म्हणजे कधीचं? तुम्ही दहा वर्षांचे होतात तेव्हाचं? सराफ्यातली साबुदाण्याची खिचडी बघा, वाफेवरची, वरून हिरवा मसाला, फराळी मिक्श्चर, लिंबू. आमच्या आजीसमोर उपासाला अशी केली असती तर तिने मला ताटावरून उठवलं असतं. तीही कधीतरी नवीनच होती ना. माझ्या पोरीला गराडू नको, चीज पाहिजे, मग तिने यायचंच नाही का?

राजवाड्यामागचा: खिचडीला मध्ये आणू नका ताई. ती इंदूरची झाली. मोमोज दिल्लीतही तेच आणि पुण्यातही तेच.

तिसरी पिढी: तुम्ही दोघं खाण्यावरून भांडून राहिले, बाजार कोणाचा ते कोणी विचारतच नाही. आमचं इथे चांदीचं दुकान. आजोबा म्हणायचे, रात्री दोनपर्यंत माणसांची वर्दळ म्हणजे फुकटचा पहारा, म्हणून ओटा दिला. तेव्हा आमच्या बाजूला चार शेगड्या होत्या, आता सिलिंडरला सिलिंडर लागून. वरच्या मजल्यावर कारागिरांची भट्टी, तेजाब. बंब शिरणार कुठून? राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळाला तो इथून हाकेवर आहे. आणि सकाळी निगमवाले झाडून जातात, स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर काय उगीच येत नाही, पण पायरीवरचं तेल झाडूने निघत नाही, आमचा पोरगा सोडा टाकून रोज अर्धा तास घासतो.

बिनकामाचा: दादा, ओट्याचं भाडं किती घेता तेही लिहा की.

तिसरी पिढी: सगळे घेत नाहीत.

बिनकामाचा: म्हणजे काही घेतात 😀

लोकमान्यनगर: छप्पन दुकानला २०२० मध्ये गाड्या बंद करून मोकळं केलं तसं इथे करा, विषय संपला.

शिकंजीवाली ताई: छप्पन मुळातच खाण्याचा बाजार, नुसती दुकानांची रांग. इथे दिवसा लग्नाचे दागिने घेणारी अख्खी घरं बसलेली असतात. एकाच दगडावर सकाळी तराजू, रात्री तवा, गंमत तर त्यातच आहे ना! सिलिंडरचं मात्र दादांचं पटलं, ते कमी झालेच पाहिजेत, मग ते किसाचे असोत की मोमोजचे.

राजवाड्यामागचा: तेच म्हणतोय, मोमोजवाले उठवले की सिलिंडर आपोआप कमी. दादा, तुमच्या ओट्यावर कोण बसतं सध्या? कीसवाला ना?

तिसरी पिढी: तो म्हातारा झाला, त्याची पोरं नोकरीला लागली.

राजवाड्यामागचा: मग आता कोण?

तिसरी पिढी: मोमोजवाला. आमच्या पोराने परस्पर हो म्हटलं.