युथ एक्स्चेंज: मुलीला पाठवायचं, आणि परदेशी मुलगी घरी ठेवायची?

केळीबाग_यावल
नमस्कार मंडळी. आम्ही यावल तालुक्यातले, घरची केळीची शेती. मुलगी दहावीला आहे. शाळेच्या इंटरॅक्ट क्लबची (रोटरीचा शाळकरी मुलांचा क्लब) ती सेक्रेटरी, त्यामुळे रोटरी या समाजसेवी संस्थेच्या लोकांचं येणं-जाणं असतं. त्यांनी तिला वर्षभराच्या युथ एक्स्चेंजबद्दल, म्हणजे परदेशात यजमान घरी राहून तिथल्या शाळेत जायच्या कार्यक्रमाबद्दल सांगितलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. त्यासोबत आमच्याही घरी एखादी परदेशी मुलगी काही महिने राहील का, असं विचारलंय. सासूबाई म्हणतात, परक्याची तरणी पोर, जबाबदारी कोण घेणार? मला मुलीच्या वर्षाची काळजी आहे. आम्ही दोघंही रोटरीत नाही. कुणाला अनुभव असेल तर मोकळेपणाने सांगा.

भुसावळ_जंक्शन
ताई, पालक रोटेरियन असावेच लागतात असं नाही. वयाची अट साधारण १५ ते १९. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा हा खर्च आपला. तिकडचं राहणं-जेवण यजमान घरं करतात आणि महिन्याला थोडा हातखर्च तिथला क्लब देतो. तिकडे ती शाळेत जाईल, पण ते वर्ष इथल्या अकरावीत धरलं जाईल असं गृहीत धरू नका. दहावीनंतर एक वर्ष मोकळं सोडायची तयारी ठेवा आणि कॉलेजला आधीच लेखी विचारून घ्या.

अमळनेरची_आत्या
आमच्याकडे ब्राझीलची मुलगी राहून गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं. जबाबदारी एकट्या घरावर नसते. क्लब तिच्यासाठी एक काउन्सेलर नेमतो आणि तो यजमान घरातला चालत नाही, म्हणजे घराबद्दल तक्रार असली तरी तिला बोलायला माणूस असतो. आमच्याकडे ती येण्याआधी क्लबची माणसं घर बघून गेली, सगळ्यांची चौकशी झाली. माझ्या दिरांना राग आला होता. मला मात्र बरं वाटलं, कारण उद्या माझी भाची जिथे जाईल तिथेही असंच कुणीतरी घर बघून आलेलं असेल. मुलांना नियमही कडक असतात: दारू नाही, ड्रग्ज नाहीत, गाडी चालवणं नाही, डेटिंग नाही. सरकारी कामं मात्र वेळेत करा. परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते, आणि व्हिसा १८० दिवसांहून जास्त असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. जिल्ह्याला ती एसपी ऑफिसकडे असते. क्लब मदत करतो, पण कागदांची झेरॉक्स फाईल आपल्याकडेही असू द्या.

आता खरं सांगायचं ते. तिला पाहुणी करू नका. सुरुवातीला आम्ही तेच केलं, सगळेच करतात. वेगळं ताट, ब्रेड-जॅम, कमी तिखट, पंख्याखालची जागा. पोर खोलीत बसून राहायची आणि घरी फोन लावायची. मग कानबाई आली, आपला खानदेशातला देवीचा सण. श्रावणातला तो रविवार म्हणजे आख्खी भाऊबंदकी घरात, कुणाला कुणाकडे बघायला वेळ नाही. जाऊबाईंनी तिच्या हातात पुरणाची परात दिली आणि म्हणाल्या, बस आठे (बस इथे). ती बसली. रात्री जागरणाला गाणी म्हणणाऱ्या बायकांच्या मध्ये ती टाळ्या वाजवत होती, आणि सोमवारी विसर्जनाला सगळ्यांबरोबर अनवाणी चालली. त्यानंतर तिला घरात काम मिळालं. कपडे वाळत घालणं तिचं, संध्याकाळी दूध आणणं तिचं. चुकलं तर बोलणीही आमच्या पोरींसारखीच. हिवाळ्यात मळ्यात भरिताचा बेत झाला तेव्हा तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायला तीच पुढे होती, डोळ्यांतून धुराचं पाणी येत होतं तरी हटली नाही. कळण्याची भाकरी तिला शेवटपर्यंत गोल जमली नाही, पण ठेचा लागायचाच.

एका मुलाला वर्षभरात बहुतेक वेळा एकाहून जास्त घरं बदलावी लागतात, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. आमची गावातच दुसऱ्या घरी गेली तरी माझ्या सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

यजमानाला पैसे मिळत नाहीत. मिळू नयेतच, असं माझं मत आहे. पैसे आले की पोर भाडेकरू होते.

धुळ्याचा_रोटरॅक्टर
आत्यांनी सगळं लिहिलंय, एकच भर. वर्षभराचा निर्णय जड वाटत असेल तर आधी मुलीला रायलाला पाठवा. काही दिवसांचं निवासी नेतृत्व शिबिर असतं. ऑस्ट्रेलियात १९५९ मध्ये याची सुरुवात झाली आणि १९७१ मध्ये रोटरीने ते जगभरासाठी स्वीकारलं. आमच्या शिबिरात सातपुड्यातल्या पाड्यावरची एक मुलगी होती, पहिले दोन दिवस तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी गटाच्या पाण्याच्या प्रकल्पावर तीच बोलली, कारण डोक्यावर हंडा वाहिलेली आमच्यात ती एकटीच होती. घराबाहेर राहणं आपल्या मुलीला झेपतं का, तेही तिथे कळतं.

केळीबाग_यावल
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्या, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, ती मुलगी मांसाहार मागेल का? आमच्या घरात चालत नाही.

अमळनेरची_आत्या
घराची माहिती भरताना शाकाहारी असं स्पष्ट लिहा, आणि ती येण्याआधीच तिला ईमेल करून कळवा. आमच्याही घरात चालत नाही. अंडी मात्र आम्ही अंगणातल्या चुलीवर उकडू दिली, सासूबाईंच्याच परवानगीने. आणि ताई, ती उन्हाळ्यात तुमच्याकडे असेल तर आत्ताच कूलर बघून ठेवा, ४५ अंशात आपलीच लेकरं कासावीस होतात.