विषय: संचालक मंडळाच्या सभेत बाबांच्या जागी काका चालतील का?

सर्वांना नमस्कार,
बाबा वणी तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीत संचालक आहेत. सध्या सहा महिन्यांसाठी इथे न्यू जर्सीत आमच्याकडे आलेत. ऑक्टोबरातल्या सभेत कापूस खरेदीसाठी कर्ज काढायचा ठराव आहे. एमजीटी-11 हा फॉर्म भरून काकांना प्रॉक्सी, म्हणजे बाबांच्या वतीनं मत देणारा, नेमता येईल का?

—

ताई, नाही नेमता येत. एमजीटी-11 हा सभासदांच्या सर्वसाधारण सभेचा फॉर्म, कंपनी कायदा 2013, कलम 105. संचालकाचं मत ज्याचं त्यानंच द्यायचं असतं. सभासदांनी निवडलं ते बाबांना, त्यामुळे मुखत्यारपत्र नोटरी करून आणलं तरी काकांना मत देता येत नाही.

खरा धोका कोरमचा, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचा. उत्पादक कंपनीत एकूण संचालकांच्या एक तृतीयांश, पण कमीत कमी 3 हजर लागतात. दोन संचालक आणि तिसरे काका अशी सही झाली, तर कर्जाचा ठरावच टिकत नाही.

बाबांना व्हिडिओवर बसवा. ती हजेरी कोरममध्ये धरतात. तसं अध्यक्षांना आधी कळवायचं. हजेरीच्या वेळी बाबांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं: नाव, कुठून बोलतोय, अजेंडा व कागद मिळाले, आणि इथे दुसरं कोणी ऐकत नाही. म्हणजे ताई, तुम्ही फोन लावून द्या आणि दार ओढून बाहेर थांबा. टेबलावर स्पीकर लावून नुसता आवाजी कॉल चालत नाही. चित्र दिसलं पाहिजे आणि रेकॉर्डिंग झालं पाहिजे. गावात ऐन सभेत लाइन जाते, तेव्हा वायफायवर विसंबू नका, चार्ज केलेला दुसरा मोबाइल हॉटस्पॉटला ठेवायला सांगा.

वेळही आत्ताच बोलून घ्या. तिकडचे सकाळचे 11 म्हणजे तुमच्याकडे रात्रीचा दीड. संध्याकाळी 7 ला ठेवली तर तुमचे सकाळचे साडेनऊ.

इतिवृत्ताचा मसुदा 15 दिवसांत येतो. त्यावरचं म्हणणं 7 दिवसांत लेखी कळवा.

—

दादांचं बरोबर आहे, थोडी भर घालतो. काकांनाच बसवायचं असेल तर कंपनी कायद्याच्या कलम 161 खाली पर्यायी संचालक नेमता येतो. बाबा किमान 3 महिने भारताबाहेर हवेत, आणि कंपनीच्या नियमावलीत तशी मुभा किंवा सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. काका त्याच कंपनीत आधीपासून संचालक नसावेत. त्यांचा डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) आणि डीआयआर-2 फॉर्मवर संमती घ्या, 30 दिवसांत नेमणूक कळवायचा डीआयआर-12 फॉर्म भरा. बाबा मध्येच पोळ्याला गावी परतले की काकांचं पद त्याच क्षणी संपतं, हे बरेच जण विसरतात.

बाबांचं नाव गावच्या सेवा सोसायटीतही असेल, तर तिथे यातलं काहीच लावू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 27 प्रमाणे सभासदाला मत स्वतःच द्यावं लागतं, प्रॉक्सी नाही. प्रतिनिधीचा ठराव होतो तो सोसायटी स्वतः दुसऱ्या संस्थेची, म्हणजे जिल्हा बँकेची वगैरे, सभासद असते तेव्हा.