मदत हवी आहे: माळवदाच्या घराची भिंत फुगली आहे

औसा तालुक्यात आमचं जुनं माळवदाचं, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत असलेलं घर आहे. दगड-मातीच्या अडीच फुटी भिंती, वर फूटभर पांढरी माती. १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशीच घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली, त्यामुळे जीव थाऱ्यावर नाही. मागच्या भिंतीला बाहेरून पोट आलंय, वरच्या फटीत चार बोटं जातात. सिमेंटचा गिलावा करून पाहिला, एका पावसाळ्यात सुटला. भिंतीची आतली-बाहेरची बाजू बांधून ठेवणारे आरपार जोडदगड कुठेच दिसत नाहीत. लाकडी खांब मात्र शाबूत आहेत. आईला तूर्त पुढच्या खोलीत झोपवतो. पाडून नवं बांधणं परवडणार नाही. छतावरची माती आधी उतरवायची, की भिंतीत भोकं पाडून सळई-काँक्रीटचे जोड आधी भरायचे? असं काम केलेलं कुणी क्रम सांगेल का?