मदत हवी आहे : जुन्या आणि हातच्या वस्तूंनी बैठे घर सजवताना डागडुजी कुठवर करावी?

नमस्कार.

गावाबाहेरचे एक लहानसे बैठे घर आम्ही दोघांनी नुकतेच राहण्याजोगे करून घेतले आहे. बाहेरची खोली साधारण दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब आहे, तिच्या मागे निजायची खोली आणि स्वयंपाकघर, आणि पुढे अरुंद ओसरी. भिंती दगडी आणि जाड असून आतून चुन्याचा गिलावा आहे, छत बुटके आहे आणि बाहेरच्या खोलीला दोनच खिडक्या आहेत. या घरात नवे फर्निचर आणायचे नाही, जे येईल ते आधी कुणीतरी वापरलेले किंवा आपल्या माणसांच्या हातचे असावे, असे आम्ही पहिल्या दिवसापासून ठरवले होते. आता वस्तू जमल्या आहेत आणि मी अडले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत मोठी वस्तू म्हणजे एक उंच लाकडी फडताळ. ते घेतले तेव्हा त्याच्या मागच्या फळीवर बारीक भोके दिसली होती. ती जुनी आहेत असे विकणाऱ्याने सांगितले आणि मी ते मान्य केले. आता मात्र ते घरात न्यायला धीर होत नाही, त्यामुळे महिनाभर ते ओसरीवरच आहे. शिवाय त्याचे दार उघडले की कोंदट वास येतो आणि आत ठेवलेल्या कापडाला तो दोन दिवसांत लागतो.

दुसरी वस्तू म्हणजे चार माणसांचे मेज. त्याच्या फळीवर ओल्या भांड्यांची पांढरी वर्तुळे उमटली आहेत आणि एका कोपऱ्यात पेराएवढ्या लांबीच्या सात-आठ समांतर चिरा आहेत. कुणीतरी रोज त्याच जागी बसून, पाट न घेता, काहीतरी कापत असले पाहिजे. चिरांच्या कडा हात लागून लागून इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की डोळे मिटून बोट फिरवले तर त्या खरवडल्यासारख्या लागत नाहीत, कापडाच्या चुणीसारख्या लागतात. एका सुताराने पाहून सांगितले की वरची फळी रंधून काढली तर मेज नव्यासारखे होईल. त्यांचे म्हणणे कामाच्या दृष्टीने बरोबर असेल, परंतु तसे करायला माझे मन होत नाही, आणि माझा खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. वापराच्या कोणत्या खुणा राखाव्यात आणि कोणत्या राखणे हा निव्वळ हलगर्जीपणा ठरेल?

याखेरीज दोन वेताच्या खुर्च्या आहेत, त्यांतील एकीची बैठक मध्ये खोल गेली आहे आणि दुसरी डुगडुगते. एक पाठीचे बाक आहे, त्यावर हिरव्या रंगाचे अनेक थर असून ते पापुद्रे धरून सुटू लागले आहेत. आणि कापडी वेष्टनाच्या वायरीचा एक पितळी दिवा आहे. मावशीने शिवलेल्या दोन गोधड्या आहेत, त्यांतील एक मला भिंतीवर लावायची आहे. जुन्या साड्या आणि चादरी फाडून, त्यांच्या पट्ट्यांच्या तीनपेडी वेण्या घालून मी स्वतः एक लंबगोल जाजम करते आहे. ते सहा फूट बाय चार फूट व्हायला हवे. अर्धे होईपर्यंत सपाट होते, पण आता कडेने वर उचलले जात आहे आणि जमिनीवर ठेवले की परातीसारखे दिसते.

शेवटची अडचण सांगायला थोडी अवघड आहे. या साऱ्या वस्तू मी एकदा खोलीत मांडून पाहिल्या, तेव्हा प्रत्येक वस्तू सुंदर होती आणि खोली मात्र अडगळीची वाटली. ज्यांनी असे घर लावले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

तुमचा प्रश्न मनापासून आवडला. मी बरीच वर्षे जुने लाकूडकाम दुरुस्त करतो, त्या अनुभवावरून लिहितो.

फडताळ घरात नेण्याची घाई केली नाहीत हे फार चांगले झाले. भोक म्हणजे कीड बाहेर पडल्याची खूण असते. आत अजून अळ्या आहेत की नाहीत हे नुसत्या भोकावरून कळत नाही, कारण अळी लाकडाच्या आत दोन-तीन वर्षेही राहू शकते. भोकाची आतली बाजू काळवंडलेली आणि धुळकट असेल तर ते बहुधा जुने असते. कडा धारदार असून आतले लाकूड नुकतेच कापल्यासारखे फिकट दिसत असेल आणि खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे असे समजावे. सगळे फडताळ ब्रशने झाडून घ्या, जुनी भोके मेणाने बुजवा, खाली काळा कागद अंथरा आणि काही आठवडे थांबा. उबदार हवेत ही परीक्षा अधिक खात्रीची असते, कारण पूर्ण वाढलेले भुंगेरे तेव्हाच बाहेर पडतात. पायांना आणि खालच्या कडांना पेचकसाचे टोक दाबून पाहा. टोक सहज आत गेले तर तिथले लाकूड पोकळ झाले आहे. कीड जिवंत निघाली तर बोरॅक्स-बोरिक आम्लाचे द्रावण ब्रशने लावतात, परंतु ते उघड्या लाकडातच मुरते. पॉलिश केलेल्या दर्शनी भागावर लावून काहीही साधत नाही, म्हणून पाठ, तळ आणि आतल्या फळ्या यांवर लक्ष द्या. लहान वस्तूंसाठी मी रसायन वापरत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधायचे आणि उणे १८ अंश सेल्सिअसला दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवायचे. बाहेर काढल्यावर वस्तू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, म्हणजे दव पिशवीवर साचते, लाकडावर नाही.

वासासाठी खण बाहेर काढून सगळे काही दिवस वाऱ्यावर ठेवा, व्हिनेगर घातलेल्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने आतून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तरीही वास राहिला तर आतून लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्यावा, त्याने वास लाकडातच कोंडला जातो. बंद जागेत जवसाचे तेल लावू नका, त्याचा स्वतःचा वास तिथे महिनोन्‌महिने घुटमळतो. इतरत्र कुठे ते तेल लावले तर एक काळजी अवश्य घ्या. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. ती बाहेर एकेरी पसरून कडक वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

आता मेजाविषयी. रंधा मारू नका. पांढरे वर्तुळ याचा अर्थ ओल पॉलिशच्या थरात अडकली आहे, लाकडापर्यंत पोहोचलेली नाही. काळा डाग असता तर गोष्ट वेगळी होती. मेजाच्या खालच्या बाजूला, कुठे दिसणार नाही अशा ठिकाणी, स्पिरिटचा एक थेंब टाका. मिनिटभरात ती जागा चिकट झाली तर पॉलिश लाखेचे आहे. तसे असल्यास मऊ सुती कापडाची गादी करून तिला स्पिरिटचा केवळ ओलावा द्या आणि वर्तुळावरून अलगद, न थांबता फिरवा. हात एका जागी थबकला की पॉलिश उचलले जाते. चिरांना काहीही करू नका. माझा नियम साधा आहे. जी खूण वस्तूला कमकुवत करत नाही, पुढे वाढत नाही आणि माणसाला इजा करत नाही, तिला मी हात लावत नाही.

याच नियमाने तुमच्या बाकाला मात्र हात लावावाच लागेल. जुन्या रंगांत शिसे असे, कारण त्याने रंग लवकर वाळायचा आणि टिकायचा. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली, यावरून ते किती अलीकडेपर्यंत वापरात होते याची कल्पना येईल. म्हणून बाक कोरडे घासू नका आणि रंग सुटण्यासाठी गरम हवेचे यंत्रही वापरू नका. आधी रंगातील शिशाची तपासणी करून घ्यावी. शिसे निघाले तर तोंडाला योग्य मास्क लावून, पाणी शिंपडत, सुटलेले पापुद्रे तेवढे खरवडावेत, खाली अंथरलेला कागद गुंडाळून वेगळा टाकावा आणि उरलेल्या घट्ट रंगावर नवा थर द्यावा. घरात रांगते मूल असेल तर ते बाक घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेताची बैठक तुटलेली नसून केवळ सैल पडली असेल तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास ठेवा आणि रात्रभर वाळू द्या; वेत आक्रसून बरीचशी ताणली जाते. डुगडुगणाऱ्या खुर्चीत खिळा ठोकू नका, खिळ्याने सांध्याचे लाकूड फाटते. जुन्या खुर्च्या बहुतेक वेळा सरसाने जोडलेल्या असतात आणि सरस उष्णतेने व ओलाव्याने पुन्हा मऊ होतो, त्यामुळे सांधा सोडवून, साफ करून नव्याने जोडता येतो. चुन्याच्या भिंती ओल घेतात आणि सोडतात, म्हणून फडताळ भिंतीपासून निदान दोन इंच पुढे असू द्या.

प्रतिसाद

मी केवळ जाजम आणि गोधडी यांविषयी लिहिते.

लंबगोल जाजमात मधली सरळ वेणी किती लांब घ्यायची याचा हिशेब ठरलेला आहे. जाजमाच्या लांबीतून रुंदी वजा करायची. सहा बाय चारसाठी ती दोन फूट हवी. तुम्ही ती किती घेतली आहे हे एकदा मोजा, कारण तीन फूट घेतली असेल तर चार फूट रुंदी होईपर्यंत लांबी सात फुटांवर जाईल. कड उचलण्याचे कारण मात्र वेगळे आहे. वळणावर बाहेरच्या वेणीला आतल्या वेणीपेक्षा जास्त अंतर कापावे लागते. तुम्ही फेऱ्याला फेरा जोडताना दोन्हींचे पदर सारखेच धरत असाल, तर बाहेरची वेणी अपुरी पडते आणि आतला भाग वाडग्यासारखा ओढला जातो. दोन्ही टोकांच्या वळणांवर, गरजेप्रमाणे अधूनमधून, बाहेरच्या वेणीचा एक पदर सोडून पुढच्यात सुई घाला. सरळ बाजूंवर पदराला पदर जोडा. मांडीवर घेऊन जोडत असाल तर ती सवय सोडा. मांडीवर कापड नकळत वळते आणि आपण ओढत जातो. मेजावर सपाट पसरून जोडा. ज्या फेऱ्यापासून कड उचलली आहे तिथपर्यंत उसवावेच लागेल, नुसत्या इस्त्रीने हा दोष जात नाही. जमिनीवर अंथरताना खाली जाळीदार रबरी कापड घाला, नाहीतर असे जाजम हमखास घसरते.

गोधडीला खिळे किंवा चिमटे लावू नका, सगळा भार चार ठिपक्यांवर येऊन कापड तिथेच फाटते. वरच्या कडेला मागून, पूर्ण रुंदीची, जुन्या धुतलेल्या सुती कापडाची नळी शिवा. टाके केवळ अस्तरातून आणि थोडे आतल्या थरांतून जावेत, समोर दिसू नयेत. त्या नळीतून दांडी घातली की भार सारखा वाटला जातो. खिडकीसमोरची भिंत टाळा, उन्हाने उडालेला रंग परत येत नाही. काही महिन्यांनी ती उतरवून घडी बदलून ठेवावी आणि दुसरी लावावी, म्हणजे दोन्हींना विश्रांती मिळते. कसर लागली आहे का, हेही त्या निमित्ताने पाहिले जाते.

प्रतिसाद

दिव्याची वायर आजच काढून टाका. कापडाच्या आतले रबर वर्षांनी ठिसूळ होऊन गळते आणि तार उघडी पडते. दिवा पितळी, म्हणजे धातूचा असल्यामुळे नवी वायर अर्थिंगसह तीन तारांचीच असावी, होल्डरही बदलावा आणि हे काम जाणकार वायरमनकडून करून घ्यावे. कापडी छत्री लावणार असाल तर एलईडी दिवा वापरा, तो फारसा तापत नाही.

अडगळीबद्दल माझा अनुभव असा की वस्तू एकदम मांडल्या की त्या एकमेकींना झाकतात. खोली पूर्ण रिकामी करा आणि ज्या वस्तूची ज्या दिवशी गरज लागेल तीच त्या दिवशी आत आणा. बुटक्या छताच्या खोलीत उंच वस्तू एकच असावी, ती खिडकीपासून दूर असावी, आणि एक भिंत संपूर्ण मोकळी राहू द्यावी. वरच्या एका मोठ्या दिव्याऐवजी खाली ठेवलेले दोन-तीन लहान दिवे असले की संध्याकाळी जुने लाकूड खुलून दिसते.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. दीड महिन्याने लिहीत आहे, कारण कागदाची परीक्षा पुरी व्हायची होती.

मेजाचे पॉलिश लाखेचेच निघाले. पाचपैकी चार वर्तुळे गेली, पाचवे पुसट झाले आणि ते मी तसेच ठेवले आहे. चिरा जिथे होत्या तिथे आहेत. जाजमाचे सहा फेरे उसवले; मधली वेणी मी अडीच फूट घेतली होती, त्यामुळे ते साडेसहा फूट होईल, पण आता सपाट बसते. खोली रिकामी केल्यावर पहिल्या आठवड्यात आम्ही फक्त मेज, दोन खुर्च्या आणि नवी वायर घातलेला दिवा आत आणला. बाकाच्या रंगात शिसे निघाले. ओसरीवर शेजारची मुले खेळायला येतात, म्हणून ते ठेवले नाही.

फडताळाखालच्या काळ्या कागदावर एकाच ठिकाणी, मागच्या डाव्या पायापाशी, भुकटीची लहानशी ढिगळी जमली होती. पेचकसाचे टोक तिथे सरळ आत गेले. बाकी पाठ आणि तळ कोरडे आणि टणक आहेत, तरीही द्रावणाचे दोन हात सगळीकडे दिले. त्या पायाचे खालचे तीन इंच सुताराकडून कापून तिथे नवे लाकूड जोडून घेतले. बाकीच्या पायांसारखा रंग देऊ का, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी नको म्हणाले. तो तुकडा फिकट दिसतो आहे आणि पुढे ज्याच्या हाती हे फडताळ जाईल त्याला कुठे काय बदलले ते कळेल.